पाचवा थर

३ फेब्रुवारी, सोमवार

आले एकदाची! दोन बॅगा, एक गादी आणि आईने बळेच गळ्यात मारलेली इस्त्री, एवढा संसार घेऊन. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. खिडकी उघडली की खाली सायकलदुरुस्तीचं दुकान, समोर लाँड्री, आणि उजवीकडे चालत बारा मिनिटांवर माझी प्रयोगशाळा. ‘माझी’ लिहून मोकळी झाले, अजून हातात ओळखपत्रसुद्धा नाही!

पोचल्याचं कळवायला आईला फोन केला. तिचं पहिलं वाक्य, जेवलीस का. दुसरं, धाकटीला बढती मिळाली. धाकटी म्हणजे माझी बहीण. नोकरी, लग्न, घर, सगळं तिचं माझ्याआधी झालं. जमलं असतं तर ती माझ्याआधी जन्मालासुद्धा आली असती. मी ‘अरे वा’ म्हटलं आणि फोन ठेवल्यावर एका बॅगेची चेन तोडली. मुद्दाम नव्हे, ओढताना तुटली.

जाऊ दे. इथे धाकटी नाही. इथे मला कुणी ओळखतच नाही, म्हणजे कुणाशी तुलनाही नाही. त्या आनंदात ही वही घेतली.

४ फेब्रुवारी

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबलचक खोली. खिडक्यांना लागून ओळीने तीन कापयंत्रं, पलीकडे काचेची भिंत, भिंतीमागे संगणकांच्या गराड्यात बसलेला एक तरुण. त्याला सगळे नकाशेवाला म्हणतात. कोपऱ्यात जाड पत्र्याचं दार आहे, ती थंडखोली. आत उणे तीस.

मॅडम साठीच्या घरात आहेत. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतात. त्यांनी मला समोर बसवून काम समजावलं. काही लोक जिवंतपणी लिहून ठेवतात, की आम्ही गेलो की आमचा मेंदू अभ्यासाला घ्या. त्या मेंदूच्या बाहेरच्या सालीचा एक तुकडा लगेच गोठवायचा. ही साल जेमतेम तीन मिलिमीटर जाड, पण तिच्यात एकाखाली एक असे सहा थर. आपण गोठलेल्या तुकड्याचा केसाहून कितीतरी पातळ काप घ्यायचा आणि तो खास काचपट्टीवर ब्रशने अलगद उतरवायचा. त्या पट्टीवर हजारो बारीक ठिपके असतात. ज्या ठिपक्यावर जे काही बसेल, त्यातलं कुठलं जनुक जागं होतं ते तो ठिपका टिपून घेतो. मग नकाशेवाला त्यात रंग भरतो. कोण कुठे जागं होतं याचा नकाशा, असं मॅडम म्हणाल्या. माझ्या अंगावर काटा आला, आनंदाने.

शेजारच्या यंत्रावर माझ्याच वयाची एक मुलगी बसते. तिचे काप इतके सलग उतरतात की मॅडमनी तिचं नावच रेशीम ठेवलंय. आता सगळे तेच म्हणतात. मला मॅडम ‘नवी’ म्हणतात. अगं नवी, इकडे ये. रेशीम माझ्याकडे बघून हसली आणि तिच्या ब्रशांपैकी एक चांगला ब्रश माझ्या टेबलावर ठेवून गेली.

१३ फेब्रुवारी

आज माझ्या हातचा पहिला काप नकाशापर्यंत पोचला! पडद्यावर आधी नुसते राखाडी ठिपके होते. नकाशेवाल्याने एकेक जनुक उजळत नेलं आणि बघता बघता थर उमटले. वरचा फिका, मग हिरवा, मग पिवळसर, तळाशी गर्द निळा. एका माणसाच्या डोक्यातली तीन मिलिमीटर जागा, आणि तिच्यात एवढी शिस्त! मी खुर्ची ओढून बराच वेळ बघत बसले.

केशरी रंग कशासाठी, असं विचारल्यावर त्याने सांगितलं. काही जनुकं अशी असतात की माणूस काही करतो, ऐकतो, घाबरतो, तेव्हा मेंदूच्या त्या त्या जागी ती पाच-दहा मिनिटांत जागी होतात आणि तासा-दोन तासांनी निजतात. इथे त्यांना ‘ताजी’ म्हणतात. माणूस गेला, तुकडा गोठला, की त्या क्षणी जे जागं होतं ते जागंच राहतं. पण बहुतेक दाते आजारात, बेशुद्धीत गेलेले. त्यामुळे केशरी ठिपका विरळाच.

२४ फेब्रुवारी

रेशीमचे वीसपैकी वीस काप चांगले. माझे अकरा. बाकीचे नऊ पात्यावरच गुंडाळले गेले.

ती सांगते, श्वास सोडताना उतरव. मी श्वास सोडला, काप उडाला. मॅडमनी आम्हा दोघींचे नकाशे शेजारी शेजारी लावले, मला शिकवायला म्हणून. तिचे थर घडी घातलेल्या कपड्यांसारखे, माझे दोरीवर वाळत घातल्यासारखे. नकाशेवाला म्हणाला, नवीचा चौथा थर तिसऱ्याकडे पाहुणा गेलाय आणि परत यायचं नाव घेत नाही. सगळे हसले. मीही हसले, न हसून करते काय!

रेशीम तेवढी हसली नाही. म्हणाली, पहिल्या महिन्यात माझे याहून वाईट होते. खोटं. मी जुन्या नोंदी काढून बघितल्या. पहिल्या महिन्यात तिचे सतरा होते. ती हसली असती तर मला इतकं लागलं नसतं.

११ मार्च

हल्ली मी कापांकडे कमी आणि तिच्या हातांकडे जास्त बघते. अगदी साधे हात आहेत. नखं आखूड, डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग. पण ब्रश धरला की जणू मनगटाच्या पुढचं सगळं वेगळ्या माणसाचं.

खोलीवर मी ओल्या टिश्यूपेपरचे तुकडे करून ते ब्रशने उचलायचा सराव करते. परवा तिचा रोजचा ब्रश पिशवीत टाकून आणला. आज तिने दुसरा घेतला, एकदाही काही विचारलं नाही, आणि वीसपैकी वीस. म्हणजे ब्रश नव्हता, हातच होते.

आईला फोनवर तिच्याबद्दल सांगितलं. वाटलं, आई म्हणेल, तू काय कमी आहेस. आई म्हणाली, मग शिकून घे ना तिच्याकडून, चांगली मुलगी दिसतेय. न बघता! आयुष्यात न बघितलेल्या मुलीची बाजू घेतली माझ्या आईने.

१९ मार्च

बाहेरून मोठ्या संस्थेचे चार पाहुणे येणार आहेत, २६ तारखेला. त्यांना अख्ख्या मेंदूचा असा नकाशा करायचाय आणि त्यासाठी ते एक हात शोधतायत. ‘हात’ हाच शब्द मॅडमनी वापरला. जिला निवडतील ती दोन वर्षं तिकडे. मॅडमनी विचारलंसुद्धा नाही की कोण दाखवणार. नुसतं रेशीमकडे बघितलं आणि रेशीमने मान हलवली.

मी म्हटलं, अभिनंदन. तिने माझा हात हातात घेतला. तिचे हात ऊबदार होते.

२६ मार्च, बुधवार

रेशीम गेली. थंडखोलीत. डॉक्टर म्हणाले, थंडीने हृदय बंद पडलं. दाराचा आतला खटका आखडला होता.

पाहुण्यांना काप मी दाखवले. वीसपैकी वीस.

आज आणखी लिहवत नाही.

३० मार्च, रविवार

कुठेतरी लिहायलाच हवं. नाहीतर तोंडातून बाहेर पडेल.

थंडखोलीचं दार आपोआप मिटतं. आतून उघडायचा खटका बर्फाने आखडलेला होता, दुरुस्तीची चिठ्ठी महिन्यापूर्वी गेली होती, कुणी फिरकलं नव्हतं. म्हणून नियम असा, की दाराखाली लाकडी पाचर सारायची आणि मगच आत जायचं. बुधवारी पावणेबाराला रेशीम आत गेली. जाड कोट बाहेर खुंटीवरच होता. दोन मिनिटांचं काम म्हणून ती तो कधीच घालत नाही. पाचर तिने नीट लावली होती. मी दाराशी होते. मी ती पायाने सारली.

एवढंच केलं. पायाने.

वाटलं, दहा मिनिटं राहू दे. बोटं गारठू दे तिची. पाहुण्यांसमोर एक तरी काप गुंडाळू दे, फक्त एक. मग मीच उघडणार होते, अगं बाई, पाचर निसटली वाटतं, असं म्हणणार होते. वाक्यसुद्धा ठरलं होतं.

तेवढ्यात मॅडमची हाक आली. पाहुणे तासभर आधीच आले होते. मॅडमनी विचारलं, ‘रेशीम कुठेय?’ मी म्हणाले, ‘डोकं दुखतंय म्हणून घरी गेली.’ हे वाक्य ठरलेलं नव्हतं. ते आपलं आपण आलं. मॅडमचा चेहरा पडला. मग म्हणाल्या, ‘बरं, मग तू दाखव.’

तू दाखव. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

यंत्र चालू केलं. त्याची घरघर असते. त्या घरघरीतून मला ठोके ऐकू आले. तीन. थांबून तीन. पाहुण्यांना ते यंत्राचे वाटले असतील. मॅडमना हल्ली कमीच ऐकू येतं. मला नीट ऐकू आले, इथे खोटं लिहीत नाही. आणि माझा हात स्थिर होता. पहिला काप उतरला, दुसरा उतरला. प्रत्येक वेळी वाटायचं, हा एक झाला की जाते. आठव्या कापापर्यंत ठोके येत होते. मग विरळ झाले. बाराव्यानंतर नाहीतच. विसावा उतरला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यातल्या वयस्क बाई म्हणाल्या, असा हात वर्षानुवर्षांत बघितला नाही.

एक पंचवीसला नकाशेवाला तुकड्याची पेटी आणायला थंडखोलीत गेला.

७ एप्रिल

पोलीस आले, कागद झाले. अपघात. नवा खटका बसला, लोण्यासारखा फिरतो. पाचर कुणीतरी फेकून दिली.

आज कळलं की रेशीमनेही मेंदूदानाचा अर्ज भरून ठेवला होता. आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, शक्यतो आपल्याच प्रयोगशाळेत. मॅडमनी ते दोनदा वाचून दाखवलं. तुकडा तिच्या आईच्या परवानगीने त्याच दुपारी घेतला गेला होता. डाव्या बाजूचा, उजव्या हाताची हालचाल जिथून होते तिथला. तिच्या हातांचं रहस्य, असं मॅडम म्हणाल्या. पेटीवर आकडा ४१. थंडीमुळे इतका ताजा तुकडा आजवर कुणाचाच आलेला नाही.

मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘तिचे काप घ्यायला तिच्याच तोडीचा हात हवा. तूच घे, नवी.’

मला शिसारी यायला हवी होती. ‘तिच्याच तोडीचा’ ऐकून बरं वाटलं.

१० एप्रिल

काप घेतले. इतके सोपे काप मी कधी घेतलेले नाहीत. पातं लागताच साय निघावी तसे सरकत आले, एकही गुंडाळला नाही. मॅडम मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, बघ कशी शेवटपर्यंत मदत करतेय.

म्हणजे वीसपैकी वीस, तेही तिचेच!

नकाशा संध्याकाळी आला. सहा थर, रेघ मारल्यासारखे. यापूर्वीचे चाळीस नकाशे तिच्यापुढे पोरांनी गिरवल्यासारखे दिसतात. आणि पाचव्या थरात, जिथल्या मोठ्या पेशी हाताला हुकूम देतात, तिथे केशरी. विरळ नाही. रांगच्या रांग पेटलेली. मॅडम पडद्याला बोट लावून म्हणाल्या, शेवटपर्यंत हात चालू होता पोरीचा. आणि बाहेर निघून गेल्या. नकाशेवाला मान खाली घालून बसला.

मी मात्र बघत होते. तिचे थर इतके सुंदर का असावेत? आतूनसुद्धा?

१४ एप्रिल

नकाशेवाल्याने सगळे काप क्रमाने लावले आणि एकामागून एक पडद्यावर चालवले, सिनेमासारखे. लागूनचे काप सारखे दिसायला हवेत. इतक्या पातळ कापात बदलणार काय आणि किती?

पाचवा थर पेटला, विझला. पेटला, विझला. पेटला, विझला. मग बरेच काप अंधार. मग पुन्हा तीनदा.

तो हसत म्हणाला, कुणीतरी दार ठोठावतंय. हसू तोंडावर तसंच राहून गेलं त्याच्या.

मॅडम म्हणाल्या, काचपट्ट्यांच्या खोक्यात दोष असेल. मीही म्हणाले, हो, खोकं सदोष आहे. फार मोठ्याने म्हणाले बहुतेक. दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

१७ एप्रिल

रेशीमची आई आली होती. ठेंगणी, हातात कापडी पिशवी. तिला लेकीचा नकाशा बघायचा होता. मॅडमनी खुर्ची दिली, थर समजावले. ती पडद्याजवळ तोंड नेऊन बघत राहिली. म्हणाली, पहिल्यापासून नीटनेटकीच होती. मग प्रत्येकाची चौकशी केली. तुम्ही मॅडम ना, चष्मा कपाळावर असतो तो तुमचाच. तू नकाशेवाला, तुझी चेष्टा तिला आवडायची. झाडणाऱ्या मावशींचा गुडघा कसा आहे? गेटवरच्या मांजरीला पिल्लं झाली का? सगळं सांगायची मला, म्हणाली.

मग माझ्याकडे वळली. ‘तू आत्ताच लागलीस का गं, बाळ?’

मी म्हटलं, मी तिच्या शेजारी बसायचे. फेब्रुवारीपासून.

तिने बराच वेळ आठवून बघितलं. ‘नाही गं. तुझं काही बोलली नाही कधी.’

मी दोन महिने तिच्याशिवाय दुसरा विचार केला नाही. ती घरी जाऊन मांजरीचं सांगायची.

मला त्या बाईसमोर रडू आलं. तिने पाठीवरून हात फिरवला. लेकीसाठी रडतेय असं वाटलं तिला.

२२ एप्रिल

खोकं बदललं. पडताळा म्हणून मॅडमनी जुना तुकडा काढायला सांगितला. अकरा नंबर. एक आजोबा, नऊ वर्षांपूर्वी वारलेले, शेवटची वीस वर्षं ठार बहिरे. कानाने ऐकलेलं जिथे पोचतं तिथली साल. मागच्या वर्षीही याचे काप झाले होते, केशरी औषधालाही नव्हतं. मॅडम म्हणाल्या, याच्यात काही दिसलं तर दोष आपला.

काप मी घेतले. काचपट्ट्या नव्या. पातं नवं.

चौथा थर पेटला. आवाज आधी तिथे येतो. तीनदा. अंधार. तीनदा.

नऊ वर्षांपूर्वी मेलेला बहिरा म्हातारा.

२४ एप्रिल

सात नंबर. सव्वीस. तेहतीस. तेहतीसव्या बाई तर झोपेतच गेल्या होत्या. सगळ्यांत तेच, तीन, थांबून तीन.

शेजारच्या इमारतीत ठेवलेले तुकडे मागवले, जे या थंडखोलीत कधी आलेच नाहीत. ते कोरे. एकही ठिपका नाही.

म्हणजे त्या दिवशी जे जे आत होते, त्यांनी ऐकलं. फळ्यांवर, पेट्यांत, गोठलेले. चाळीस जणांनी ऐकलं. आणि बाहेर मी—

नकाशेवाला आता माझ्याशी बोलत नाही. मॅडमनी विचारलं, त्या दिवशी ती घरी गेली असं तुला कोण म्हणालं होतं? मी म्हटलं, तीच. मॅडम म्हणाल्या, कधी? मी म्हटलं, आठवत नाही.

२५ एप्रिल

आईने फोन केला. आवाज असा का झालाय, विचारलं. सांगणार होते. खरंच सांगणार होते. तेवढ्यात म्हणाली, थांब, धाकटीचा फोन येतोय.

२८ एप्रिल

पाहुण्यांचं पत्र आलं. अख्खा संग्रह बघायला पुन्हा येतायत. असं जगात कुणी बघितलेलं नाही, लिहिलंय. संग्रहाला तिचं नाव द्यावं, असंही. रेशीम संग्रह. माझ्याबद्दल एक ओळ नाही. त्या वयस्क बाईंनीसुद्धा— काप माझे होते. ठोठावणारी ती, पण काप कुणी घेतले? ते दिसले कुणामुळे?

तिने मरूनही माझं काही ठेवलं नाही.

२९ एप्रिल

दुपारी कुणी नव्हतं. थंडखोलीत गेले. जाड कोट घालून. दार लोटून घेतलं. सांगितलं. मोठ्याने, सगळ्यांना, फळीफळीपुढे उभी राहून. पाचर मी सारली. ठोके मी ऐकले. मग पत्र्यावर मुठीने ठोठावलं, तिच्यासारखंच. तीन, थांबून तीन.

वाफ तोंडाशीच गोठत होती. पेट्या नुसत्या रांगेत.

उद्या काप घेईन. दिसेल.

३० एप्रिल

काही नाही.

अकरा नंबर— तिचे ठोके आहेत, जसेच्या तसे. माझं काही नाही. सात, सव्वीस, तेहतीस. नाही. कबुलीसुद्धा नाही ऐकली. मी तिथे उभी राहून घसा फोडला आणि त्यांनी—

बहिरा म्हातारा तिचं ऐकतो!

१ मे

हात थरथरतोय. सकाळपासून एक काप धड नाही. मॅडम म्हणाल्या, तू बस बाजूला. मग माझ्या यंत्राकडे बघत म्हणाल्या, आज रेशीम असती तर.

कमी ठोठावलं मी. पाच मिनिटं, तेही कोट घालून. तेवढ्याने कोण जागं होणार? तिने एक तास चाळीस मिनिटं—

२ मे

पावणेबारा. आत. पेन गोठलं, पेन्सिल आणलीय. जाड कोट बाहेर खुंटीवर. नव्या खटक्याला ओढणी बांधून फळीच्या खांबाला आवळलीय, बाहेरून उघडणार नाही. बॅटरीचा कंदील. बाहेर यंत्रं चालू आहेत, नवी मुलगी घेतलीय कुणीतरी शिकाऊ.

बारा दहा. तीन. थांबून तीन. मूठ सोलली. तिचीही सोलली असेल. हे आजच सुचलं.

यंत्राची घरघर आत येते. नीट येते. बोलणंसुद्धा. मॅडम कुणाला तरी म्हणाल्या, श्वास सोडताना उतरव. म्हणजे तिलाही सगळं— माझा आवाज. डोकं दुखतंय म्हणून घरी गेली, ते वाक्य. काप मोजताना. टाळ्या. तिने टाळ्या ऐकल्या—

घड्याळ दिसत नाही. काचेवर बर्फ. बोटं नाहीतच, पेन्सिल मुठीत.

थांबले. हात मांडीवर आहे. माझा हात मांडीवर आहे, आणि ठोके चालू. मागून. फळ्यांवरून. तीन— थांबून— सगळ्या पेट्यांतून एकदम—

माझं ऐकलं? की तिचंच अजून—

बाहेर पावलं. दार हललं, ओढणी ताणली. मॅडम. रडतायत. ‘रेशीम? रेशीम, तू आहेस का गं आत?’

नाही. मी. मी आहे आत. मी ठोठावतेय.

पुन्हा. रेशीम, ओ दे गं.

ओ दिली तर तिची. नाही दिली तर—

नवीसुद्धा नको. माझं नाव आहे. रजिस्टरमध्ये पहिल्या दिवशी लिहिलंय, बघा ना कुणीतरी. एकदा घ्या. सोडते गाठ, एकदा माझं न